ते कसे बसायचे

"मंडळी जेवायला गेलेली दिसतात!" असं म्हणून तो गृहस्थ स्वतःच खळखळून हसला, हातातली छत्री टेबलाला लागू नये म्हणून बाजूला धरून अजून थोडा वाकला, आणि तिने काही बोलायच्या आत शेजारच्या टेबलावरच्या आगगाड्यांकडे वळलासुद्धा. माणूस वाईट नव्हता. विनोदही वाईट नव्हता. दुसऱ्या कोणाच्या टेबलापाशी केला असता तर तीही हसली असती. शाळेच्या त्या हॉलमध्ये रविवारची गर्दी होती, हौशी मंडळींनी वर्षभर खपून केलेली जहाजं, विमानं, इंजिनं मांडून ठेवली होती, आणि बघणारे हात पाठीमागे बांधून, भाड्याची जागा बघायला आल्यासारखे फिरत होते. तिच्या टेबलावर रणगाडे होते, मालट्रक होते, निरोप्याची एक मोटरसायकल होती आणि मधोमध, जराशा उंच लाकडी फळीवर, विमानविरोधी तोफ. तोफेपुढे छोटीशी पाटी: ‘बाबांच्या तोफेची प्रतिकृती’. पाटी वाचली की लोकांचे आवाज खाली येत, चेहरे जरा लांब होत, आणि ते तिला आवडे, नाही असं नाही. छत्रीवाल्याने पाटी वाचलीच नव्हती. त्याने नुसतं बघितलं होतं. आता त्याच्या मागोमाग तीही नुसतं बघायला लागली. रणगाड्यांची झाकणं उघडी, आत काळोख. ट्रकच्या काचेमागे स्टीअरिंग होतं, गिअरचा दांडा होता, सीटच्या कातड्याला पडलेली चीरसुद्धा होती. मोटरसायकल आपली आपण उभी. तोफेच्या दोन्ही अंगांना दोन लोखंडी खुर्च्या, पाणी साचू नये म्हणून त्यांना पाडलेली भोकं, पुढ्यात फिरवायच्या मुठी, खाली पावलं टेकायच्या पट्ट्या. पट्ट्यांवरचा रंग बुटांनी घासून उडाल्याच्या खुणाही तिने काढल्या होत्या, चंदेरी रंगात बुडवलेल्या टाचणीच्या टोकाने, श्वास रोखून. बूट मात्र नव्हते. बूट घालणारा नव्हता. इतकी वर्षं ती हे करत आली होती आणि एकदाही, कुठल्याही वाहनात, कुठल्याही फळीवर, तिने माणूस बसवला नव्हता. आणि हे आपण ठरवून केलं होतं की आपोआप झालं होतं, हे तिला त्या घडीला सांगता येईना.

खोकं मांडीवर घेऊन ती बसने परतली. खिडकी मिळाली होती, पण ती बाहेर बघत नव्हती, बसलेल्या माणसांकडे बघत होती. बसायला काय लागतं, कोणीही बसतं, असं आपण समजतो. पण त्या अख्ख्या बसमध्ये दोन माणसं सारखी बसलेली नव्हती. एक जण पिशवी पोटाशी आवळून, कोणी हिसकावून घेईल अशा बेताने. एक जण सीटच्या अगदी कडेला, पुढचाच थांबा त्याचा असल्यासारखा, आणि तीन थांबे गेले तरी तसाच. एक बाई झोपलेली, मान खिडकीला टेकून, पण हातातली पर्स झोपेतही घट्ट. ड्रायव्हरची पाठ तर तिला इतकी बोलकी वाटली की तोंड न बघताही हा माणूस घरी कसा वागत असेल ते सांगावं. मग तिच्या मनात आलं की बाबाही कसेतरी बसत असणार. म्हणजे अमुक एका तऱ्हेने. त्या तऱ्हेने दुसरं कोणी बसत नसणार. आणि ती तऱ्हा आपल्याला ठाऊक नाही. हा विचार अंगावरून पाल गेल्यासारखा गेला, आणि थांबा आला तेव्हा ती उठायचं विसरली.

तोफेची तिला खडान्‌खडा माहिती होती. नळी किती लांब, चाकांच्या टायरवर नक्षी कुठली, कुठल्या साली कुठला स्क्रू बदलला, सगळं. ह्या तोफेला पुष्कळ माणसं लागतात. पण बसून असतात ते दोघेच. एक तोफ आडवी फिरवतो, दुसरा वरखाली करतो, आणि दोघांनी मिळून आकाशातल्या एका ठिपक्याच्या मागे लागायचं. बाबा डाव्या खुर्चीवर असत. हे तिला कोणी सांगितलं तर युद्धानंतर एकदा घरी येऊन गेलेल्या त्यांच्या सोबत्याने, म्हणजे त्याने आईला सांगितलं आणि आईने, तिने फारच लकडा लावला तेव्हा, कधीतरी तिला. विमान आलं, ते सूर्याच्या बाजूने आलं, डाव्या खुर्चीवर बसलेला माणूस मुठी फिरवत राहिला. एवढंच. ती तेव्हा नुकती भिंत धरून चालायला लागली होती. पुढे काही वर्षांनी आईने दुसरं लग्न केलं, कोपऱ्यावर औषधांचं दुकान चालवणाऱ्या केमिस्टशी, आणि दोघी त्याच्या दुकानावरच्या घरात राहायला आल्या. त्याला ती काका म्हणायची, अजूनही काकाच म्हणे.

तिचं पहिलं विमान काकांनीच आणलेलं. तिला गोवर आला होता, खोलीचे पडदे ओढलेले होते, आणि काका दुकान बंद करून दुपारी वर आले ते बगलेत एक खोकं घेऊन. "मुलीला विमान कशाला?" आई म्हणाली होती. "बाहुल्या संपल्या होत्या," काका म्हणाले. खोक्यात फांद्यांना लागलेल्या फळांसारखे लटकलेले शेकडो तुकडे आणि एक माहितीचा कागद, कुठल्यातरी भलत्याच लिपीतला. "मी रोज डॉक्टरांचं अक्षर वाचतो, हे काय अवघड आहे!" असं म्हणत काका पलंगाच्या कडेला बसले आणि घसा खाकरून त्यांनी तो कागद धडाधड वाचून दाखवला: प्रथम वैमानिकाने हात स्वच्छ धुवावेत. जेवणानंतर एक पंख डावीकडे, एक उजवीकडे. लहान मुलांच्या हाती शेपूट देऊ नये. विमान पूर्ण झालं तेव्हा त्याची चाकं वरच्या बाजूला आली होती. काकांनी ते उलटं करून छताला टांगलं आणि म्हणाले, "हे कारागिराच्या हातचं आहे, ह्याला असंच उडायचं असेल." तेव्हापासून ती त्यांची कारागीर. खोक्यात एक वैमानिकही होता, हिरवट रंगाचा, शेंगदाण्याएवढा. त्याचं काय झालं ते तिला आठवत नव्हतं. बसवला नव्हता एवढं नक्की.

आणि बाबांची म्हणून एक आठवण तिच्यापाशी होती, कोणालाही न सांगितलेली. दोन हात बगलेत धरून तिला वर उचलतात, आणखी वर, छतापाशी, आणि तिथे एक हिरव्या काचेचा दिवा आहे, काचेच्या कडेला बारीक करवतीसारखे दाते, आणि उबेचा एक वास, तापलेल्या धुळीचा, आणि खाली कोणीतरी हसतंय. शाळेत ‘माझे बाबा’ असा निबंध आला तेव्हा तिने दिवा लिहिला होता. लग्न मोडून ती परत आली त्या हिवाळ्यात रोज झोपताना तिने त्या दिव्यापाशी स्वतःला उचलून घेतलं होतं. हिरवा दिवा दुकानावरच्या घरात जिन्याच्या तोंडाशी होता. तो काकांच्या आईने लावलेला होता, काकांनी स्वतः तिला कधीतरी सहज सांगितलं होतं, बल्ब बदलताना. म्हणजे उचलणारे हात कोणाचे हे तिला कळायला काही राहिलं नव्हतं. कळलंही होतं. पण कळलेली ती गोष्ट तिने उचलून मनाच्या दुसऱ्या कप्प्यात ठेवून दिली होती आणि दोन कप्प्यांची गाठ पडू नये अशी दक्षता घेत ती चाळिशी ओलांडून पन्नाशीकडे आली होती. बाबा गेले तेव्हाच्या बाबांपेक्षा ती आता कितीतरी मोठी होती. रस्त्यात त्या वयाचा तरुण दिसला की तिला वाटे, ह्याला कोणीतरी नीट जेवायला घालायला हवं.

सोमवारी ती कामावर गेली. दातांच्या लॅबमध्ये ती कॅप आणि कवळ्या करायची. डॉक्टर जबड्यांचे साचे पाठवत आणि नसलेल्या दाताच्या जागी ती मेणाचा दात कोरून त्यावरून पक्का दात करी. माणसं तिला जबड्यांवरून माहीत होती, चेहऱ्यांवरून नाही. हा रात्री दात खातो, ही एकाच बाजूने चावते, हा आयुष्यभर पाइप ओढत आलाय. त्या दिवशी एका डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "बाई, तुमची कॅप अशी बसली की पेशंट विसरला, खोटा दात कुठला ते!" एरवी अशा फोनवर तिचा दिवस निघायचा. नसलेलं असं भरून काढायचं की उणीव होती हेच विसरलं जावं, हे तिचं कसब. आज फोन ठेवल्यावर ती बराच वेळ समोरच्या साच्यातल्या खड्ड्याकडे बघत राहिली. आजूबाजूचे दात बघून मधला दात करता येतो. तो त्यांच्यासारखाच असतो, त्यांनी त्याला जागा राखून ठेवलेली असते. माणसाच्या आजूबाजूला काय बघायचं?

त्या आठवड्यात तिने माणूस करायला घेतला. तयार पुतळे मिळतात, तिने मागवलेही. पण ते सगळे एकाच मायचे पूत दिसत: छाती पुढे, हनुवटी वर, फोटो काढून घ्यायला आल्यासारखे. त्यांतला एक तिने डाव्या खुर्चीवर ठेवून बघितला आणि तिला एकदम परक्या पुरुषाने आपल्या खोलीत येऊन बसावं तसं झालं. चिमट्याने तिने त्याला उचलून डब्यात टाकलं. मग लॅबमधलं मेण आणलं. सकाळी कामावर जायच्या आधी, खिडकीपाशी, भिंग डोळ्याला लावून ती कोरत बसे. तोफ पस्तिसाव्या हिश्शाची, म्हणजे बसलेला माणूस करंगळीच्या दोन पेरांएवढा, डोकं वाटाण्याएवढं. चेहऱ्याची तिने आधी फार धास्ती घेतली होती. घरात फोटो एकच होता, पलटणीतल्या सगळ्यांचा, आणि त्यात बाबांची टोपी एवढी पुढे ओढलेली की कपाळापासून ओठांपर्यंत नुसती सावली. पण वाटाण्यावर चेहरा कोण बघणार? दोन खाचा आणि नाकाचा उंचवटा केला की डोळा उरलेलं आपणच भरतो. अडलं ते पाठीपाशी. पाठ ताठ केली की तो पुतळा होई, वाकवली की म्हातारा. कोपरं बाहेर काढली की दांडगट, आत घेतली की भेदरलेला. प्रत्येक माणूस कोणीतरी होता, कोणीतरी दुसराच. तिने एक मोडला, दुसरा केला, तोही मोडला. मेणाला ते चालतं, मेण कुरकुर करत नाही. तिच्या नखांत मात्र गुलाबी कपचे साठत गेले आणि लॅबमधली एक कॅप पहिल्यांदाच पुन्हा करावी लागली.

आईला विचारायचं, एवढी साधी गोष्ट. पण घरात ते विचारलं जात नसे. आई काकांबद्दल बोलताना ‘हे’ म्हणायची आणि बाबांबद्दल ‘ते’. हे चहा घेऊन गेलेत. ह्यांना सांग, फ्यूज गेलाय. आणि फार क्वचित, आवाज न बदलता पण मान दुसरीकडे वळवून: ते असते तर. हे आणि ते, दोघांची नावं तिने आईच्या तोंडून कधी ऐकलीच नव्हती. हे म्हणजे हाताशी असलेले, ते म्हणजे लांबचे; अंतर त्या एका अक्षरात मोजलेलं होतं आणि आई ते कधी ओलांडत नसे. तिच्या कामाला आई ‘तुझी ती खेळणी’ म्हणायची. कपाटावरची धूळ पुसताना तोफेच्या भोवतीने फडकं फिरवायची, तोफेला टाळून, भाजेल अशा बेताने. काकांना वाईट वाटू नये म्हणून आई असं करते, असं तिने लहानपणीच ठरवून टाकलं होतं, आणि मग तेच खरं होऊन बसलं होतं. शनिवारी दुपारी आई वाळलेल्या चादरी घेऊन गच्चीवरून खाली आली आणि सवयीने एका चादरीची दोन टोकं तिच्या हातात दिली. दोघी समोरासमोर उभ्या राहून चादर ताणायला लागल्या. शेजारच्या खोलीत काका पेपर वाचत होते. पान उलटल्याचा आवाज येत होता.

"आई, बाबा कसे बसायचे गं?"

"कसे म्हणजे?"

"म्हणजे बसायचे कसे. स्टुलावर, खुर्चीवर. पाठ ताठ असायची का वाकून?"

"माणसं बसतात तसे. टोक नीट धर, जमिनीला लागतंय."

"नाही, पण काहीतरी असेल ना. प्रत्येकाचं असतं."

"असेल. माझं लक्ष नव्हतं." आईने चादर झटकली, ती इतक्या जोरात की तिच्या बोटांतून टोकं सुटली. आईने खाली वाकून ती उचलली, पुन्हा तिच्या हातात दिली, आणि घडी जुळवायला जवळ आली ती जवळच थांबली. दोघींच्या मध्ये चादर. उन्हाचा, साबणाचा वास. "तुला सांगू का?" आई हळू आवाजात म्हणाली. "मला त्यांचा चेहराच आठवत नाही."

"फोटो आहे की."

"फोटो आठवतो. टोपीखालचा तो काळोख आठवतो. पण मी म्हणतेय चेहरा." आई हसली, पण ते हसू काही खरं नव्हतं. "डोळे मिटते, म्हणते आता बघूच, आणि ह्यांचाच चेहरा येतो. किती वेळा केलं. टोपी त्यांची, गणवेश त्यांचा, आणि आत हे. चष्म्यासकट."

शेजारच्या खोलीत पान उलटल्याचा आवाज बंद झाला होता.

"तुला वाटत असेल, आई माझ्या तोफेकडे बघत नाही, काकांना वाईट वाटेल म्हणून. ह्यांना काय वाईट वाटायचंय! हेच तर तुला खोकी आणून द्यायचे. मी बघत नाही, कारण मला वाटायचं, आज ना उद्या तू येऊन विचारणार. एवढ्याशा स्क्रूसाठी तू जगभरच्या लोकांच्या मागे लागतेस. माझ्याकडे आलीस की मी काय देणार होते? चार वर्षं त्या माणसाबरोबर राहिले आणि मला त्याचा चेहरा सांभाळता आला नाही." आईने चादरीची घडी छातीशी धरली. "हाताला मात्र आठवतं. वेडेपणा आहे, पण कधीकधी भांडी घासताना हाताला आठवतं. मान कुठे असायची, खांदा कुठे. डोक्यात आणायला गेलं की जातं."

दारात काका उभे होते. ते कधी आले ते दोघींनाही कळलं नव्हतं. त्यांच्या हातात स्वयंपाकघरातलं लाकडी स्टूल होतं, चार पाय पुढे करून धरलेलं, सर्कशीत सिंहापुढे धरतात तसं. आईचा चेहरा पांढरा पडला. आपलं बोलणं काकांनी कुठपासून ऐकलं हे ती त्यांच्या तोंडावरून वाचू बघत होती, पण आयुष्यभर गिऱ्हाइकांच्या आजारांवर मख्ख राहायची सवय झालेल्या त्या तोंडावर काही लिहिलेलं नव्हतं.

"चेहऱ्याचं राहू दे," काका म्हणाले. "कारागीर, डोकं केवढं आहे?"

"वाटाण्याएवढं."

"माझं नाही गं, त्या माणसाचं."

"त्याचंच सांगतेय."

"मग त्यात चेहरा कसला दिसणार! बसायचं कसं, एवढंच हवंय ना तुला? हिला सांगता येत नसेल तर दाखवू दे. मी बसतो."

"अहो, काहीतरीच काय!" आई म्हणाली.

"काहीतरीच काय त्यात? नाहीतरी मी दिवसभर बसलेलाच असतो." त्यांनी स्टूल खिडकीसमोर ठेवलं, चष्मा काढून खिशात घातला आणि बसले. तिने एक खुर्ची पाठमोरी करून त्यांच्यापुढे सरकवली. खुर्चीच्या पाठीचे दोन कोपरे म्हणजे तोफेच्या मुठी. काकांनी ते धरले. दुकानात गल्ल्यामागे बसत तसेच बसले, ऐसपैस, पोट पुढे सोडून, आणि छताकडे बघत म्हणाले, "येऊ द्या विमान."

आई चादर छातीशी धरून उभी होती. "असे नाही," ती म्हणाली. "असे नाही बसायचे ते. एवढे सैल नाही." तिने चादर पलंगावर ठेवली. एक पाऊल पुढे आली, थांबली, मग एखाद्या झोपलेल्या माणसाला हात लावावा तसा तिने काकांच्या कोपराला हात लावला आणि ते आत घेतलं. "कोपर असं. अंगाला नाही चिकटवायचं, पण जवळ. हं. आणि पाठ..." ती त्यांच्या मागे गेली. दोन्ही हात तिने त्यांच्या पाठीवर ठेवले, कण्याच्या दोन बाजूंना, आणि दाबून बघितलं, हलकेच, पीठ मळून झालंय का बघावं तसं. काकांची पाठ पंच्याहत्तर वर्षांची होती, वर्षानुवर्षं गल्ल्यावर वाकून ती वरच्या बाजूला गोल झालेली; तिला जेवढं सरळ होता आलं तेवढी ती झाली आणि राहिलेला बाक तसाच राहिला. आईचे हात त्या बाकापाशी क्षणभर अडले आणि त्याला वळसा घालून पुढे गेले. "मान जरा पुढे. कोणी हळू बोलत असलं की ऐकायला करतात ना, तशी. हां. गुडघे एवढे लांब नाहीत. डावा पाय थोडा मागे."

तिने मेण हातात घेतलं होतं. कधी घेतलं ते आठवत नव्हतं. तळहाताच्या उबेने ते मऊ झालं होतं आणि कोरणी आपली आपण चालायला लागली होती. ती मेणाकडे बघत नव्हती, स्टुलावरच्या माणसाकडे बघत होती. आईने डोळे मिटून घेतले होते. तिचे हात वर चालले होते, पाठीवरून मानेच्या कडेला, तिथून खांद्याकडे, आणि डाव्या खांद्यावर येऊन ते थांबले.

"तुमचा हा खांदा वर असायचा," आई म्हणाली. "नेहमी. मी म्हणायचे की नाही, एक खांदा कपाटावर ठेवून आलात का म्हणून?"

तिने कोरणी थांबवली. काकांचे दोन्ही खांदे आयुष्यभर सारखे होते. कपाटावर राहिलेला तो खांदा त्यांचा नव्हता. आईला आपण काय बोललो ते कळलं नसावं, किंवा कळलं असेल आणि परत घ्यायचं नसेल. मिटलेल्या पापण्यांखाली डोळे हलत होते. काका खिडकीतून बाहेर बघत होते. मग त्यांनी सावकाश, सांधा दुखू नये अशा बेताने, डावा खांदा वर उचलला.

"एवढा?" त्यांनी विचारलं.

"अजून थोडा."

त्यांनी अजून थोडा उचलला.

"हां," आई म्हणाली. "असे."

आणि मेण हातात धरलेल्या तिला तो दिसला. चेहरा नाही, चेहऱ्याच्या जागी काकांचं टक्कल आणि पांढऱ्या भुवया होत्या आणि खिडकीचा उजेड होता. पण एक तरुण माणूस, एक खांदा वर चढलेला, मान पुढे, कोपरं जवळ, कोणाचं तरी हळू बोलणं ऐकत असावा तसा बसलेला, आणि तो आकाशाकडे बघत असला तरी त्याचं ऐकण्याचं लक्ष मागे होतं, पाठीमागे कोणी उभं आहे तिकडे. असा माणूस तोफेवर बसलेला असेल असं तिच्या कधी मनातही आलं नव्हतं. तिने बनवलेल्या सगळ्या वाहनांतून जो कोणी नव्हता तो फार शूर होता. हा तसा नव्हता. हा कोणाचा तरी नवरा होता. तिचे हात भराभर चालू लागले, कॅप कोरताना चालतात तसे: मानेची पुढे आलेली रेघ, खांद्याचा चढ, मागे घेतलेला पाय. पाठीचा तो वरचा बाकही तिने तसाच घेतला. तो बाबांचा नव्हता, तो औषधाच्या दुकानातला होता, पण तो काढून टाकायचा तर वरचा खांदा आणि पुढची मान अधांतरी राहिली असती. तो होता म्हणून ती दोन्ही धरून राहिली होती. मेणातला माणूस पूर्ण झाला. इतका सहज झाला की ती बघतच राहिली. आता त्याला कोरणी लावली असती तर फक्त बिघडला असता.

तिने वर बघितलं. आईचा हात अजून खांद्यावर होता. अंगठा काकांच्या सदऱ्याच्या कॉलरवरून इकडून तिकडे फिरत होता, तिथे काही नसलेलं झटकत होता. डोळे मिटलेलेच होते आणि ओठ किंचित हलत होते. आई काहीतरी सांगत होती, पण ह्यांना की त्यांना, ते ऐकू येत नव्हतं. उन्हं खिडकीवरून उतरायला लागली होती. तिने मेणाचा माणूस बोटांत धरून ठेवला आणि कोरणी तशीच फिरवत राहिली, मेणापासून केसभर अंतरावर, हवेत.

काका तिच्याकडे बघत होते. चष्मा नसला तरी जवळचं त्यांना चांगलं दिसे. त्यांनी कोरणीकडे बघितलं, मेणाकडे बघितलं, दोहोंमधल्या फटीकडे बघितलं. त्यांचा वर धरलेला खांदा आता थरथरायला लागला होता, आणि कपाळावर घामाचा एक थेंब आला होता.

"झालं का गं?" आईने डोळे न उघडताच विचारलं.

ती उत्तर द्यायला तोंड उघडणार तोच काका बोलले.

"कुठलं! अजून हात राहिलेत," ते म्हणाले, आणि खाली घसरू लागलेला खांदा त्यांनी पुन्हा वर घेतला.